ॲडिरॉन्डॅकमधील दूरची तळी आणि ब्रूक ट्राउट : तळे निवडावे कसे?

पाऊलवाट :

नमस्कार. नोकरीनिमित्त गेल्या वर्षी आम्ही न्यू यॉर्क राज्यात, ऑल्बनीजवळ राहायला आलो. पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर भटकंती झालेली असल्याने पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चालण्याची सवय आहे. आजोळ रत्नागिरीकडचे असल्याने मामांबरोबर खाडीत गरवायलाही (गळाने मासे धरायलाही) बसलेलो आहे. थंड, गोड्या पाण्यातील मासेमारीची मात्र मला काहीच माहिती नाही.

उत्तरेकडील ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ प्रदेशात गाडीरस्ता न पोहोचणारी अनेक तळी आहेत आणि त्यांत राज्य सरकार हेलिकॉप्टरमधून ब्रूक ट्राउट या माशाची बोटुकली (पिल्ले) सोडते, असे वाचल्यापासून तिथवर चालत जाऊन हा मासा धरावा, असे मनाने घेतले आहे. अडचण अशी की नकाशा उघडला की शेकडो तळी दिसतात, पण त्यांपैकी कोणत्या तळ्यात ट्राउट आहे, कोणत्यात नुसते पर्च जातीचे मासे आहेत आणि कोणत्यात मासाच नाही, हे नकाशावरून कळत नाही. इथले जुने गरवणारे आपल्या तळ्याचे नाव सांगत नाहीत. त्यांचे कारण मला पटते, म्हणून मी नावे विचारत नाही. तळे निवडण्याची रीत समजली तरी पुरे.

त्याबरोबर आणखी काही शंका आहेत. माझ्याकडे बोट नाही, तर काठावरून गळ टाकून काही साधेल का? कोणत्या महिन्यात जावे? आणि सरकारने सोडलेलाच मासा असेल तर तो धरून खाण्यात काही गैर आहे का? पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी बरोबर असतील. परवाना मी काढला आहे. सोळा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही, हे ठाऊक आहे.

गरवणारा :

नमस्कार. तुमच्या मुख्य प्रश्नाचे अर्धे उत्तर राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाने आधीच प्रसिद्ध करून ठेवलेले आहे. कोणत्या परगण्यातील कोणत्या पाण्यात, कोणत्या जातीचे, किती आणि किती लांबीचे मासे सोडले, याच्या याद्या हा विभाग दरवर्षी जाहीर करतो. नवखी माणसे या वर्षीची यादी घेऊन निघतात आणि रिकाम्या हाताने परततात, कारण दूरच्या तळ्यांत सोडलेली बोटुकली खरोखरच बोटाएवढी असतात आणि गळाला लागण्याजोगी होण्यास त्यांना साधारण दीड-दोन वर्षे लागतात. त्यामुळे दोन आणि तीन वर्षांपूर्वीच्या याद्या काढून वाचा. ब्रूक ट्राउट अल्पायुषी मासा आहे. चार-पाच वर्षांपलीकडे तो क्वचितच जगतो. म्हणजे एखाद्या तळ्याचे नाव पूर्वी नियमाने येत होते आणि गेली सहा-सात वर्षे आलेले नाही, तर तिथे एक तर मासे स्वतःच वाढू लागले आहेत, नाही तर तळे ट्राउटच्या दृष्टीने संपले आहे. ही दोन टोके आहेत आणि यादीवरून त्यांतला फरक कळत नाही.

तो फरक कळण्यासाठी खोली पाहावी लागते. १९८४ ते १९८७ या काळात ॲडिरॉन्डॅकमधील १,४६९ तळ्यांची पद्धतशीर पाहणी झाली होती. त्या वेळी केलेले खोलीचे नकाशे, पाण्याच्या आम्लतेचे आकडे आणि सापडलेल्या माशांच्या नोंदी आजही सर्वांना पाहायला मिळतात. माहिती जुनी असली तरी तळ्याचा तळ काही बदलत नाही. ब्रूक ट्राउटला १३ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, २० अंशांच्या वर तो कासावीस होतो आणि २५ अंशांच्या आसपास मरतो. त्यामुळे उथळ, तळाशी झरे नसलेल्या तळ्यात तो जुलै काढू शकत नाही. एखाद्या कोपऱ्यात नकाशावरील खोली दाखवणाऱ्या रेषा एकमेकींजवळ आलेल्या असतील आणि त्याच बाजूने छोटा ओढा आत येत असेल, तर ती जागा मनात पक्की करून ठेवा.

त्यानंतर नियमांची पुस्तिका वाचा. यातील बहुतेक ट्राउट-तळ्यांवर जिवंत किंवा मेलेला कोणताही मासा आमिष म्हणून वापरण्यास, इतकेच काय, जवळ बाळगण्यासही मनाई आहे. हा नियम कडक असण्यामागे मोठे नुकसान आहे. कोणीतरी उरलेले आमिषाचे मासे बादलीतून तळ्यात ओतते, त्यांतून पर्च किंवा शायनर हे मासे वाढतात, बोटुकलीचे खाणे तेच फस्त करतात आणि काही वर्षांत ट्राउट दिसेनासा होतो. अशी तळी पुन्हा ट्राउटसाठी तयार करायची तर डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांत सापडणारे रोटेनोन पाण्यात घालून आधीचे सगळे मासे मारावे लागतात आणि नंतर नव्याने बोटुकली सोडावी लागते. एका बादलीपायी एवढा उपद्व्याप करावा लागतो. म्हणून ज्या तळ्यासाठी हा नियम लिहिलेला आहे, ते तळे विभागाला ट्राउटसाठी राखायचे आहे, असा अर्थ घ्यायला हरकत नाही.

यादी, खोली आणि नियम या तिन्हींत बसणारी तळी वेगळी काढली की मग वाटेचे अंतर पाहा. रस्त्यापासून अर्ध्या मैलावरच्या तळ्यावर गर्दी असते. दोन-तीन मैलांनंतर ती झपाट्याने विरळ होते. सह्याद्रीत चालणाऱ्याला हे अंतर काहीच नाही, मात्र इथल्या वाटा चिखलाच्या, मुळांनी भरलेल्या आणि झाडीतून बंदिस्त जाणाऱ्या असतात, त्यामुळे तासाला दीड मैलाचाच हिशेब धरा. मे महिन्यात २,५०० फुटांपेक्षा जास्त उंचीवरच्या वाटांवर जाऊ नये, अशी विनंती विभाग दरवर्षी करतो, कारण बर्फ वितळत असताना पावलांनी त्या वाटा उखडतात. सुदैवाने तुम्हाला हवी असलेली बरीचशी तळी त्याहून खाली आहेत.

काठावरून गळ टाकण्याबद्दल स्पष्टच सांगतो : बोटीशिवाय निम्मी संधी हातची जाते. या तळ्यांच्या काठाला सीडर आणि झुडपे थेट पाण्यावर झुकलेली असतात, मागे काठी फिरवायला जागा नसते आणि काठाजवळ पडलेल्या खोडांत दोर अडकतो. हवा भरून वापरायची दोन-तीन किलोंची बोट पाठपिशवीत मावते. ती घ्या, किंवा आधी एकदा भाड्याने घेऊन पाहा. जीवरक्षक जाकीट मात्र प्रत्येकाच्या अंगावर हवेच. १ नोव्हेंबर ते १ मे या काळात लहान बोटीत ते घालणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मे महिन्यात ते सक्तीचे नसले तरी पाणी तेवढेच जीवघेणे गार असते. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत निकामी होतात आणि मग पोहता येत असूनही उपयोग होत नाही.

साहित्य साधे ठेवा. इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत म्हणजे ‘लेक क्लियर वॉबलर’. हा धातूचा लांबट, हेलकावणारा पत्रा असतो. त्याच्या मागे वीतभर-दीड वीत दोर सोडून टोकाच्या बारीक गळाला गांडूळ लावतात. हे सगळे बोटीमागे सोडून वल्हे इतके सावकाश मारायचे की पत्रा गिरकी न घेता नुसता डावी-उजवीकडे झुलत राहील. पत्रा गरगर फिरू लागला तर तुमचा वेग जास्त आहे, असे समजा. दोर किंचित जड झाल्यासारखा वाटतो, मग दोनदा टोचल्यासारखे जाणवते; तेव्हा झटका न देता दोन वल्ही पुढे मारा, मासा आपोआप अडकतो.

एक नाव सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे : सेंट रीजिस कनू एरिया. सुमारे १९,००० एकरांत ५८ तळी, मोटारबोटींना पूर्ण बंदी आणि तळ्यातून तळ्यात बोट खांद्यावर वाहून नेण्याच्या पायवाटा. कुटुंबासह पहिल्यांदा जाण्यास इतकी चांगली जागा दुसरी नाही. फक्त एक लक्षात ठेवा : बरेच जण जिथून सुरुवात करतात त्या लिटल क्लियर पाँडमध्ये गळ टाकण्यास मनाई आहे, कारण तिथे राज्याच्या मत्स्यबीज केंद्रासाठी सॅमनचे प्रजननक्षम मासे राखलेले आहेत. त्यावरून वल्हवत पलीकडे जायचे आणि काठी नंतरच बाहेर काढायची.

निळंशार :

वरील उत्तर उत्तमच आहे. मी फक्त ‘सोडलेलाच मासा आहे, मग खाण्यात गैर काय’ या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण त्याचे उत्तर तळ्यागणिक बदलते.

ब्रूक ट्राउट हा इथला मूळचा मासा आहे, न्यू यॉर्कचा राज्यमासा आहे, आणि शास्त्रीयदृष्ट्या तो ट्राउटपेक्षा ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटातला आहे. तो शरदात, तळाच्या खडीतून झऱ्याचे पाणी वर येते अशा ठिकाणी अंडी घालतो. ज्या तळ्याला असे झरे आहेत तिथे त्याची वीण आपोआप होते. ज्याला नाहीत तिथे मासा चांगला वाढतो, धष्टपुष्ट होतो, पण त्याची पुढची पिढी निपजत नाही. दुसऱ्या प्रकारच्या तळ्यातून तुम्ही नियमात राहून दोन-चार मासे जेवणासाठी आणलेत तर त्या तळ्याचे काही बिघडत नाही. ते मासे त्यासाठीच सोडलेले असतात. महाराष्ट्रातील धरणांत कटला-रोहूची बोटुकली सोडतात, त्यातलाच हा हिशेब आहे. पहिल्या प्रकारच्या तळ्यात मात्र हात आखडता घ्यावा, विशेषतः सप्टेंबरनंतर, जेव्हा पोटाशी केशरी झालेला प्रत्येक मासा विणीच्या तयारीत असतो. म्हणूनच हंगाम १५ ऑक्टोबरला बंद होतो.

त्यातही काही तळी फार जपण्यासारखी आहेत. विंडफॉल, हॉर्न लेक आणि लिटल टपर ही तीन नावे तुम्हाला बोटुकलीच्या याद्यांत दिसतील. ही ॲडिरॉन्डॅकमधील मूळ कुळे आहेत. बाहेरच्या माशांशी संकर न होता टिकलेली, आणि ज्या तळ्यांत टिकली त्यांच्या नावाने ओळखली जाणारी. बाकी अनेक तळ्यांत क्यूबेकमधील टेमिस्कॅमी या रानटी कुळाचा आणि मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या माशांचा संकर सोडतात. लिटल टपर हे तळे १९९८ मध्ये राज्याने खासगी मालकांकडून विकत घेतले. त्यानंतर कोणीतरी त्या पाण्यात बेकायदा बास हे बाहेरचे मासे आणून सोडले. हजारो वर्षे टिकलेल्या माशावर आपल्या हौसेपायी अशी वेळ आणावी, याचा मला आजही मनापासून राग येतो.

तुम्हाला नकाशावर दिसलेल्या मासे नसलेल्या तळ्यांची गोष्टही याच संदर्भात जाणून घ्या. गरवणारा यांनी उल्लेख केलेल्या पाहणीत सुमारे चतुर्थांश तळ्यांत एकही मासा सापडला नव्हता. सगळीकडे कारण एकच होते असे नाही, काही तळी मुळातच माशांना अयोग्य होती. पण नैर्ऋत्येकडील उंच तळ्यांचा घात आम्लवर्षेने केला. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांचा गंधकयुक्त धूर वाऱ्याबरोबर इथवर येत असे. इथली माती पातळ, खाली कठीण खडक, त्यामुळे पावसातील आम्ल मारणारा चुना जमिनीत नव्हता. आम्लामुळे मातीतील ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात उतरले आणि माशांच्या कल्ल्यांवर बसले. पाणी नितळ, तळापर्यंत स्वच्छ दिसे, आणि आत मासे गुदमरत. १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती होऊन वीज केंद्रांच्या गंधकावर मर्यादा आली, आणि त्यानंतर हळूहळू पाणी सुधारू लागले. वेस्ट कॅनडा लेक्सच्या रानातील ब्रूकट्राउट लेक हे ज्या माशाच्या नावाने ओळखले जाते तोच तिथून नाहीसा झाला होता. पाणी सुधारल्यावर २००० नंतरच्या दशकात तिथे पुन्हा बोटुकली सोडण्यात आली, आणि पुढे तिथे माशांची वीणही होऊ लागली. बोटुकली सोडणे म्हणजे निव्वळ गरवणाऱ्यांची सोय, असे ज्यांना वाटते त्यांनी या तळ्याचा इतिहास जरूर वाचावा.

महिन्याबद्दल : बर्फ फुटल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे, म्हणजे साधारण एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात, हा सर्वांत चांगला काळ. तेव्हा मासा काठाजवळ, वरच्या थरात असतो. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत काळ्या माश्यांचा उपद्रव भयंकर असतो. मुलीसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी आणि पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे न्याच. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, असा माझा आग्रह आहे. त्या वेळी मासा खोल गार पाण्यात असतो आणि त्याला वरच्या कोमट थरातून ओढून काढून परत सोडला तर पोहत गेलेला दिसला तरी पुष्कळदा तो मरतो. उन्हाळ्यात मासा धरलात तर तो जेवणासाठीच धरा आणि दोन-तीन झाले की थांबा.

सोडायचाच असेल तर गळाचा उलटा दात आधीच पकडीने दाबून टाका, हात ओले करा आणि मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा. तसे करतानाच तो नीट पाहून घ्या. ऑलिव्ह रंगाच्या पाठीवर नागमोडी फिकट रेघा असतात, बाजूंवर निळ्या कड्यातले बारीक तांबडे ठिपके, आणि खालच्या प्रत्येक पराची पुढची कड चुन्याने आखल्यासारखी पांढरी. पाण्यात वरून पाहताना आधी ती पांढरी कडच दिसते.

पश्चिमकडा :

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि सिएरा नेवाडात चालतो. वरील सर्व मजकूर पूर्वेकडच्यासाठी अगदी योग्य आहे. पण हा धागा वाचून पश्चिमेतील मराठी मंडळी तेच नियम इकडे लावतील, म्हणून थोडे लिहितो.

ब्रूक ट्राउट इकडचा नाही. सिएरातील उंचावरची बहुतेक तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत आणि खालचे धबधबे चढून मासा तिथवर कधी पोहोचलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकांनी डब्यांत भरून, खेचरांवर लादून मासे वर नेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम विमानांनी होऊ लागले. त्या तळ्यांत आधीपासून राहत होता तो पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक. त्याच्या बेडूकमाशांना पूर्ण वाढायला दोन ते चार वर्षे लागतात, त्यामुळे हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारे खोल तळे त्यांना लागतेच, आणि नेमक्या त्याच तळ्यांत ट्राउट तग धरतो व त्यांना खाऊन टाकतो. हा बेडूक २०१४ पासून संघराज्याच्या संरक्षित यादीत आहे. योसेमिटीत मासे सोडणे १९९१ मध्ये थांबले. जिथे जाळी लावून मासे काढून टाकले, त्या तळ्यांवर बेडूक परतले आहेत.

इकडे ब्रूक ट्राउट पाण्यात इतका विणतो की एका तळ्यात शेकडो मासे असूनही डोके मोठे आणि अंग बारीक, असेच ते राहतात. म्हणून सिएरात परवाना आणि मर्यादा पाळून ब्रूक ट्राउट धरला तर तो निःशंक ठेवून घ्यावा. परत सोडण्यात कोणाचेच भले नाही. ज्या तळ्यावर बेडूक दिसतील तिथून दूरच बसावे, आणि एका तळ्यातला मासा दुसऱ्यात नेण्याचा विचारही करू नये.

पाऊलवाट :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. याद्या काढून बसलो आहे आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात सेंट रीजिसचा बेत नक्की केला आहे. लिटल क्लियरची सूचना मिळाली नसती तर मी तिथेच पहिला गळ टाकला असता. दोन गोष्टी आणखी विचारतो. मासा तळ्याकाठीच तळून खाल्ला तर अस्वलांचा धोका किती? आणि गांडुळे आमिष म्हणून चालतात ना?

गरवणारा :

अस्वले काळी, माणसापासून दूर राहणारी असतात, पण तळलेल्या माशाचा वास त्यांना ओढून आणतो. स्वयंपाक तंबूपासून शंभर-सव्वाशे पावले दूर करा, आतडी काठावर टाकू नका आणि सर्व खाणे, अगदी दात घासण्याची पेस्टसुद्धा, अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवा. हाय पीक्सच्या (ॲडिरॉन्डॅकमधील उंच शिखरांच्या प्रदेशाच्या) पूर्व भागात असा डबा १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर सक्तीचाच आहे. इतरत्रही तोच न्यावा. या माशाचे खवले इतके बारीक असतात की ते काढावे लागत नाहीत. पोट चिरून, कल्ले काढून, हळद-तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठीत घोळवला की झाले. पाऱ्याची काळजी असेल तर ती पाइक, बास आणि मोठ्या पर्चबाबत अधिक करावी लागते. लहान ब्रूक ट्राउटमध्ये त्याचे प्रमाण कमी असते.

तंबू पाणी, वाट आणि रस्ता यांपासून किमान १५० फूट दूर हवा, किंवा मग विभागाने खूण करून दिलेल्या जागी. एकाच ठिकाणी तीन रात्रींपर्यंत राहण्यास आणि दहापेक्षा कमी माणसांना परवानगीपत्र लागत नाही.

गांडुळे चालतात, मात्र ज्या तळ्यावर केवळ कृत्रिम आमिषाचा नियम आहे तिथे नाही, म्हणून त्या तळ्यापुरते पुस्तिकेत पाहून घ्या. उरलेली गांडुळे मातीत सोडू नका. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या या रानांत गांडुळे नव्हतीच. आमिषाबरोबर आलेली गांडुळे जमिनीवरचा पालापाचोळ्याचा थर खाऊन संपवतात आणि त्यावर रुजणारी झाडे-फुले नाहीशी होतात. डबी बंद करून घरी आणा आणि कचऱ्यात टाका. वाटेच्या सुरुवातीला नोंदवही असते. तीत नावे, कोणत्या तळ्यावर चाललात आणि कधी परतणार ते लिहा, आणि परतल्यावर बाहेर पडल्याची नोंद आठवणीने करा, कारण शोधपथक त्या वहीवरूनच निघते.